हार्लनच्या वाफ्यातली रुई

हार्लन माइंट्सच्या सोयाबीनमध्ये तण दाखवा आणि माझ्याकडून जेवण घ्या, असं आमच्या गावात पैजेवर म्हणायचे. ती पैज कोणी जिंकल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या आयोवात रविवारी चर्च सुटलं की माणसं बायकोला गाडीत घालून दुसऱ्यांची शेतं बघत हिंडतात. गाडी अगदी हळू, काचा खाली, आणि तोंडं चालू. "बघ, बघ, फ्रीझेच्या सोयाबीनमध्ये मका उभा राहिलाय. लाज कशी वाटत नाही मेल्याला!" हार्लनच्या बांधाशी गाडी आली की सगळे गप्प. तिथे बोलायला जागाच नसायची.

आणि असणार तरी कशी? दुधाचे दात पडायच्या आधीपासून बापाने त्याला तणाला जुंपलेलं. उन्हाळ्यात सकाळच्या दवात आम्ही सगळीच पोरं हातात कोयते घेऊन सोयाबीनची तासं, म्हणजे ओळींमधल्या वाटा, चालायचो. दिसलं तण की काप, मुळासकट निघालं तर उपट. बाकीची पोरं मोठी झाली, औषधं फवारायला लागली, कोयते गंजले. हार्लन मात्र फवारून झाल्यावरही तासं चालायचा. एकदा तर पाद्रीबाबांशी बोलता बोलता त्याने चर्चच्या पायरीतलं गवत उपटलं आणि खिशात घातलं. पाद्रीबाबा बोलायचे थांबले, ह्याला पत्ताच नाही!

मी मॅक्झीन. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं, आणि माझं तोंड फटकळ आहे हे गावाला ठाऊक आहे. हार्लन आणि त्याची बायको नियोला शेत पुतण्याच्या हवाली करून गावात आले ते माझ्या शेजारच्या घरात. त्याआधीही नियोला माझी मैत्रीण. म्हणून त्या फुलाची गोष्ट मला पहिल्यापासून माहीत.

रेल्वेच्या रुळांकडेला, जिथे नांगर कधी पोचला नाही, तिथे आमच्याकडे एक नारिंगी फूल येतं. फुलपाखरांची रुई म्हणतात त्याला. गुडघाभर झुडूप, अरुंद पानं, आणि वर गच्च नारिंगी गुच्छ. शेंग तडकली की आतून रेशमी म्हाताऱ्या उडतात. नियोलाच्या बापाचं शेत रुळांना लागून होतं, तिचं बालपण त्या फुलांत गेलं. लग्न झाल्यावर तिने माहेराहून शेंगा आणल्या आणि घराच्या कोपऱ्यावर बी टाकलं. रोप वर आलं आणि हार्लनने ते उपटलं. मुद्दाम नाही हो! दूध काढून परत येत होता, वाटेत दिसलं, हात गेला. रुई म्हणजे शेतकऱ्याला तण. नियोला हसली. पुन्हा पेरलं, ह्याने पुन्हा उपटलं. त्या वेळी ती जेवताना बोलली नाही. तिसऱ्या वेळेनंतर तिने पेरायचंच सोडलं, आणि हार्लनला वाटलं, चला, बायकोचं खूळ गेलं.

बायकोचं खूळ गेलं म्हणे! मी असते तर कोयता घेऊन त्याच्या मक्यात शिरले असते. पण नियोलाचा स्वभाव तसा नव्हता.

गावात आल्यावर तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग सफरचंद भरून भाजतात त्या 'पाय'मध्ये साखरेऐवजी मीठ. आम्ही ते सगळं हसत हसत कोंबड्यांना घातलं. पुढे हसण्यासारखं राहिलं नाही. एका दुपारी ती खिडकीशी बसली होती आणि एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "हार्ल, ते नारिंगी फूल तू एकदाही फुलू दिलं नाहीस रे." रागाने नाही. बाहेर वारा आहे, असं सांगावं तसं. नंतर ती चहात बुडवलेलं बिस्किट शोधायला लागली.

हार्लनने कुंपणाशी येऊन मला हे सांगितलं. "मॅक्झीन, मला आठवतच नव्हतं गं," तो म्हणाला. "तिला नाव आठवत नाही पुतण्याचं, आणि हे आठवतं."

"तिला लागलं होतं, म्हणून आठवतं," मी म्हणाले. "तुला कुठे लागलं होतं?"

बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. म्हणू दे. त्या बोलण्याने तो कामाला तर लागला.

वसंतात त्याने घराच्या पुढे दक्षिणेला वाफा काढला आणि रुळांकडेच्या वाळक्या शेंगांतलं बी टाकलं. जन्मभर मका पेरलेला माणूस, ऊब आली की पेरायचं एवढंच माहीत. रोज वाकून बघायचा. काही नाही. जूनमध्ये माझ्याकडे आला, "बी वांझ निघालं."

"बी वांझ नाही, तू अडाणी आहेस," मी म्हणाले. "ते रानातलं बी आहे. थंडी खाल्ल्याशिवाय उठत नाही. बर्फ पडायच्या आधी टाक आणि विसरून जा."

त्याने तसं केलं. पुढच्या वर्षी बारीक बारीक रोपं आली, करंगळीएवढी. हार्लन निराश झाला. त्याला वाटलं होतं गुच्छच येणार. रुईचा पहिला सगळा जोर खाली जातो, मुळात. वर दिसायला कंगाल, खाली मूळ अंगठ्याएवढं जाड. आणि मग मला एक गंमत दिसली. टोमॅटोला आधार द्यायच्या तारेच्या जाळ्या असतात ना, त्या त्याने प्रत्येक रोपावर उपड्या घातल्या होत्या.

"सशांसाठी का रे?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्यासाठी. माझ्याच हाताचा भरवसा नाही."

हसू आलं, ते अर्ध्यावरच राहिलं. जाळीपाशी हात अडला की त्याला आठवायचं, हे तण नाही.

दुसऱ्या वर्षी रोपं चांगली वीतभर झाली, फूल नाही. त्या हिवाळ्यात नियोलाला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. दोनदा ती बर्फात अनवाणी रुळांकडे निघाली होती. काय करणार? जागा चांगली आहे, मुली प्रेमाने करतात. हार्लन रोज जायचा. ती कधी त्याला आपल्या बापाच्या नावाने हाक मारायची, कधी दाराशी उभा असलेला कोणी माणूस म्हणून मान हलवायची. हार्लन घरी येऊन वाफ्याकडे बघत उभा राहायचा, वर बर्फ साचलेला असला तरी.

"यंदा तिसरं वर्ष," तो मला म्हणाला. "यंदा येईल ना फूल?"

"यायला हवं."

"एकदा तिच्या हातात द्यायचंय, मॅक्झीन. बस. मग ती मला ओळखो न ओळखो. पण मी फुलू दिलं, हे तिला कळायला हवं."

एप्रिलमध्ये त्याचा गुडघा बदलायचं ठरलं. शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन, मग तिथेच चालायचा सराव. जाताना त्याने मला बजावलं, "वाफ्याकडे बघ. काही दिसलं नाही तरी घाबरू नकोस, ती उशिराच उठते."

हे मला नवीन नव्हतं. बाकीची सगळी बाग हिरवी होते, ट्युलिप येऊन जातात, तरी रुई मातीखाली निवांत. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. मेमध्ये कधीतरी एका दिवसात कोंब वर येतो. जाळ्या हार्लनने हिवाळ्यात बर्फाने वाकतील म्हणून काढून ठेवल्या होत्या, आणि रोपांच्या जागी नुसत्या काड्या खोचल्या होत्या.

मेच्या सुरुवातीला मी नातीच्या चर्चमधल्या समारंभासाठी मिनेसोटाला गेले. परत आले, गाडीतून उतरले, आणि हार्लनच्या घरापुढे पेटुनिया बघितल्या. गुलाबी, पांढऱ्या, जांभळ्या. ओळीत. माती काळीभोर, भुसभुशीत, एक ढेकूळ नाही. काड्या नाहीत.

मी गाडीचं दार उघडंच टाकून वाफ्याशी गेले.

आमच्या लोकांची एक रीत आहे, ती सांगायला हवी. पीक उभं असताना शेतकरी आजारी पडला तर कोणी विचारत नाही, 'मदत हवी का?' विचारलं तर तो 'नको' म्हणणार, हे ठरलेलं. म्हणून विचारायचंच नाही. एका सकाळी सगळं गाव आपापली यंत्रं घेऊन त्याच्या शेतात उतरतं, संध्याकाळपर्यंत मका कापून कोठारात, बायका चर्चच्या तळघरात जेवण रांधतात. वेंडेल फ्रीझेला हृदयाचा झटका आला होता तेव्हा सगळ्यांत पुढचं यंत्र हार्लनचं होतं. वेंडेल ते विसरला नव्हता. हार्लन हॉस्पिटलात आहे, घरापुढचा वाफा उघडा-बोडका पडलाय, बिचारा परत येऊन काय बघणार? वेंडेल माती उकरायचं यंत्र, टिलर, घेऊन आला, त्याची बायको कोरीन पेटुनियांचे ट्रे घेऊन आली, चर्चची आठ-दहा माणसं दंताळी घेऊन आली. टिलर दोनदा आडवा, दोनदा उभा फिरवला. खिडक्यासुद्धा पुसल्या!

आता ह्यांना शिव्या तरी कशा घालायच्या? घातल्याच असत्या, मी काही संत नाही. वेंडेलच्या घरी जायला मी कोट चढवला होता, तेवढ्यात फोन वाजला. हार्लन.

"वाफा कसा आहे?"

खोटं बोलायला मला जमत नाही. सगळं सांगितलं.

"टिलर किती खोल लावला होता?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत! मी आत्ता जाते आणि त्या वेंडेलच्या टाळक्यात—"

"मॅक्झीन." त्याचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "कुणाला एक शब्द बोलायचा नाही. वेंडेलला तर नाहीच. माणूस प्रेमाने आला होता."

"प्रेमाने आला म्हणून गाढवपणा—"

"विचारलं नाही त्याने. मीही त्याला विचारून गेलो नव्हतो." आणि त्याने फोन ठेवला.

तो घरी आला त्या दिवशी अंगणात सगळे जमले होते. कॉफी, हॅमचे सँडविच, कोरीनच्या लिंबाच्या वड्या. हार्लन काठी टेकत गाडीतून उतरला. वेंडेल पुढे धावला, दंडाला धरून त्याला थेट वाफ्याशी घेऊन गेला. आनंदाने लालबुंद झाला होता तो.

"बघ! तुझ्या शेतासारखं केलंय. एक तण शिल्लक ठेवलं नाही!"

मी लिंबाची वडी तोंडात कोंबली. नाहीतर तोंडातून काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

हार्लन बघत राहिला. मग म्हणाला, "छान झालंय, वेंडेल. माती सुरेख काढलीस." आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला. कोरीनने एक पेटुनिया वेगळ्या कुंडीत लावून ठेवली होती. "ही नियोलासाठी," ती म्हणाली. हार्लनने तिचेही आभार मानले. कॉफीचे दोन कप प्याला. सगळे गेले तेव्हा दार लोटून घेतलं, आणि मला आत येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर हा बादली उपडी घालून वाफ्यात बसलेला, ऑपरेशनचा पाय लांब पसरलेला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. पेटुनियांच्या मधली माती बोटांनी चाळत होता, पण एकाही पेटुनियाला धक्का लावत नव्हता. जाणारे-येणारे थांबून म्हणायचे, "अरे वा, आल्या आल्या बागकाम!" हा मान हलवायचा. मांडीवर वर्तमानपत्र, आणि त्यावर मुळांचे तुकडे. तपकिरी, सुरकुतलेले, कुठे पातं लागून चिरलेले. बहुतेक सुकले होते. थोडे आतून अजून पांढरे होते.

मी त्याच्या बाजूला गवतावर बसले. माझेही गुडघे कुरकुरतात, पण बसले.

"तुकड्यातूनसुद्धा येते ती," मी म्हणाले. "चिवट जात आहे."

"फूल?"

आता काय सांगू? "दोन-तीन वर्षं," मी म्हणाले.

त्याने एक तुकडा उचलला, अंगठ्याने माती पुसली. "तिच्याजवळ तेवढी आहेत का, मॅक्झीन?"

मी नुसती माती चाळायला लागले.

त्याला गाडी चालवायची अजून मनाई होती, म्हणून दुपारी मीच त्याला वृद्धाश्रमात नेलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कोरीनची कुंडी, आणि शर्टाच्या खिशात ओल्या कागदात गुंडाळलेला मुळाचा तुकडा. "ते कशाला घेतलंस?" मी विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "चूक कबूल करायची तर काहीतरी हातात हवं ना."

नियोला खिडकीशी खुर्चीत बसली होती, अंगावर निळा स्वेटर, केस कोणीतरी छान विंचरलेले. इतक्या दिवसांनी हार्लन दिसला, तर तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि अनोळखी माणसाला देतात तसं हसू दिलं.

"बसा ना," ती म्हणाली. "तुमचा पाय दुखतोय वाटतं."

हार्लन बसला. कुंडी तिच्यापुढे ठेवली. तिने पेटुनियाकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग त्याने खिशातून कागद काढला, उलगडला, आणि तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. "नियोला," तो म्हणाला.

नियोलाने तुकडा उचलला. नखाने साल थोडी खरवडली. नाकाशी नेला. आणि तिचा चेहरा बदलला, खरं सांगते. शेतावरच्या घराच्या कोपऱ्यावर बी टाकताना मी तिला वाकलेली पाहिली होती, तेव्हाचा चेहरा.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "आत पांढरं आहे बघा. पण तुम्ही दिलंत ते उलटं." तिने तुकडा फिरवून त्याच्या बोटांत दिला. "जाड बाजू वर. उभं लावायचं, आडवं नाही. पाणी जास्त नको, कुजतं. तुम्हाला कोणी शिकवलं नाही?"

"नाही," हार्लन म्हणाला. "मला कोणी शिकवलं नाही."

"मग मी सांगते ते ऐका." ती पुढे झुकली, दाराकडे एक नजर टाकली, आणि आवाज खाली आणला. "घराच्या पुढे लावू नका. मागे कुठेतरी लावा, जिथे माझा नवरा जात नाही. त्याला दिसलं तर तो उपटतो."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. माझ्याने बघवेना.

"तो वाईट नाही हो," नियोला म्हणत होती. "मला कधी टाकून बोलला नाही. पण तण दिसलं की त्याचा हात थांबत नाही. मी त्याच्यावर रागावले नाही. रागवायला हवं होतं, म्हणजे त्याला कळलं तरी असतं. आता मी पुन्हा लावणार आहे, पण त्याला सांगायचं नाही. फुलं आली ना, की मग दाखवू. फूल बघितल्यावर तो नाही उपटणार. त्याने बघितलंच नाहीये कधी."

हार्लन तिच्याकडे बघत होता. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं.

"सांगणार नाही ना त्याला?" तिने विचारलं, आणि त्याची बोटं त्या तुकड्यावर मिटवून वर आपला हात ठेवला.

"नाही," हार्लन म्हणाला. "सांगणार नाही. फुलं आल्यावर दाखवू."

"कबूल?"

"कबूल."

ती खुर्चीत मागे टेकली. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटले. हार्लन उठला तेव्हा मूठ तशीच बंद होती, काठी त्याने डाव्या हातात घेतली. दाराशी मी त्याला सावरायला गेले तर म्हणाला, मला धर, मुठीला हात लावू नको. गाडीत बसला, पट्टा मी लावून दिला. चर्च गेलं, धान्याची कोठारं गेली, घर समोर दिसायला लागलं. वाफ्यातल्या पेटुनियांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"मॅक्झीन," तो म्हणाला, "गॅरेजच्या मागे ऊन येतं का गं?"